तांबड्यात शोधू नकोस

पोरी, तू परागविज्ञान हा विषय घेतलास हे ऐकून फार बरं वाटलं. आपल्या नगर जिल्ह्यातून, आता अहिल्यानगर म्हणायचं, या वाटेला जाणारं पोर विरळा. वर्गात शिकवायचं ते तुला शिकवतीलच. मी सांगतो ते आमच्या सरांनी आम्हाला प्रवरेच्या काठी उभं करून सांगितलं, मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो, आणि आता ते तुझ्या हवाली करतो.

सगळ्यात आधी थर वाचायला शीक. परागकण सूक्ष्मदर्शकाखाली खूप नंतर येतो. तो कुठल्या मातीतून आला, त्या मातीवर काय काय गुजरलं, हे शेतात उभं राहून कळलं नसेल तर स्लाइडवरचा कण कितीही सुंदर दिसो, त्याची साक्ष धरता येत नाही.

परागकणाचं बाहेरचं कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचं असतं. ते आम्लाला दाद देत नाही, म्हणून तर आपण दगड आम्लात विरघळवतो आणि पराग मागे उरतो. पण त्याचे शत्रू आहेत. हवेतला प्राणवायू, वारंवार भिजणं-सुकणं, मातीतला अल्कधर्मीपणा आणि बुरशी, या चौघांपुढे ते टिकत नाही. म्हणून थराचा रंग बघ. काळा, करडा, निळसर गाळ म्हणजे पाण्याखाली, हवेविना राहिलेला गाळ. तिथे आशा असते. तांबडा थर म्हणजे लोह गंजलंय, हवा आत शिरलीय. तिथे शोधू नकोस.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपला जिल्हा उभा आहे तोच मुळी लाव्हाच्या कातळावर. अकोले तालुक्यातलं कळसूबाई, 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. दख्खनच्या लाव्हाथरांच्या खालच्या गटाला भूवैज्ञानिकांनी त्याचंच नाव दिलंय, कळसूबाई उपगट. घाटरस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये विटकरी-तांबडा पट्टा दिसतो. विहीर खणणारे त्याला गेरू म्हणतात. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात साचलेली राख आणि झिजलेली माती, तिच्यावरून पुन्हा तापलेला लाव्हा गेला. नव्या पोरांना वाटतं, दोन लाव्हांच्या मधला काळ, म्हणजे झाडं उगवली असणार, म्हणजे पराग मिळणार. झाडं उगवलीही असतील. पण त्या मातीत हवा खेळली आणि वरून ती भाजली गेली. त्या पट्ट्याचा उपयोग दुसऱ्यांना आहे. अशा पट्ट्यांत राखेतून आलेले झिर्कॉनचे बारीक स्फटिक मिळतात आणि त्यांच्यातल्या युरेनियम-शिशाच्या प्रमाणावरून वय काढता येतं. सह्याद्रीतल्या लाव्हाचं सुमारे 6.6 कोटी वर्षं हे वय अशाच कामातून आणि अरगॉन पद्धतीतून पक्कं झालं. तो पट्टा त्यांना दे आणि पुढे चल.

लाव्हाच्या मधले खरे बोलके थर हवे असतील तर विदर्भात जावं लागतं, नागपूरजवळ टाकळीला, किंवा शेजारच्या छिंदवाड्यात मोहगाव कलानला. तिथे दोन उद्रेकांच्या मधे तळी साचली होती. तळ्यांच्या गाळात फळं, लाकडं, नेचे, पराग, सगळं राहिलं. या वनस्पतींवर बिरबल साहनींनी आयुष्य घातलं. 1949 च्या 3 एप्रिलला लखनौमध्ये त्यांच्या संस्थेची पायाभरणी झाली. ती शिला जीवाश्म बसवून घडवलेली होती. त्यानंतर आठवड्याभरातच साहनी गेले. संस्था त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी उभी केली. आज ती बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था म्हणून नावाजलेली आहे. तुला कधी ना कधी तिथे जावं लागेल, आणि जाशील तेव्हा त्या शिलेसमोर थांब.

साहनींच्या कामातूनच दुसरी गोष्ट शीक. ताडवर्गीय फळं आणि अ‍ॅझोलासारखा पाणनेचा बघून त्यांनी या थरांचं वय इओसीन धरलं होतं, म्हणजे डायनासोर गेल्यानंतर बऱ्याच काळाने. त्या वेळच्या पुराव्यावर ते रास्त होतं. पुढे जबलपूरजवळ पडवारच्या थरात अक्विलापोलेनाइट्स हा पराग मिळाला. त्याला बाजूला पंखांसारखे फाटे फुटलेले असतात, तो एकदा पाहिला की विसरत नाही. तो क्रिटेशियसच्या, म्हणजे डायनासोरांच्या काळाच्या, शेवटाचा साक्षीदार, आणि त्याच्यासोबत त्या थराचं वय मागे सरकलं. याचं कारण ध्यानात धर. ताड आणि नेचे कोट्यवधी वर्षं जगत आलेत, त्यांच्यावरून काळ नेमका सांगता येत नाही. वय सांगायला असा जीव लागतो जो थोडा काळ जगला, दूरवर पसरला आणि भरपूर संख्येने मेला.

या कसोटीला परागापेक्षाही समुद्रातले तरंगते सूक्ष्मजीव जास्त उतरतात. छिंदवाड्यातच झिलमिली नावाचं गाव आहे. तिथल्या लाव्हामधल्या थरात तरंगत्या फोरामिनिफेराची कवचं मिळाली, 2009 मध्ये ते काम छापून आलं. आज जिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे तिथे समुद्री जीव! त्यांतल्या जाती डेनियन काळाच्या अगदी सुरुवातीच्या निघाल्या, म्हणजे डायनासोर संपल्यावर लगेचच्या. एका थरातून दोन गोष्टी कळल्या : लाव्हा कुठल्या काळात वाहत होता, आणि समुद्राचा एखादा फाटा तेव्हा मध्य भारतापर्यंत आत आला होता. एका कणाने वयही सांगावं आणि वातावरणही, असं भाग्य क्वचित लाभतं. बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारावा लागतो, आणि तो कुठला ते आधी ठरवावं लागतं.

पुढे कधी तेलविहिरींच्या कामात गेलीस, मुंबई हायसारख्या ठिकाणी, तर तिथला एक नियम आत्ताच सांगून ठेवतो. विहीर खोल जाताना वरच्या थरांचे तुकडे खाली पडत राहतात. त्यामुळे एखादा जीव खाली किती खोलवर मिळतो याला किंमत देऊ नये. वरून खाली येताना तो पहिल्यांदा कुठे दिसला, म्हणजे पृथ्वीच्या इतिहासात तो शेवटचा कधी होता, तेवढं धरावं. आपल्याकडच्या बोअरच्या चुऱ्यालाही हेच लागू.

आता आपल्या जिल्ह्याकडे ये. इथे वय काढायचं ते कोट्यवधींचं नाही, हजारांचं. आणि तेवढ्या अलीकडच्या काळात पराग वय सांगत नाही, कारण झाडं तीच आहेत जी आज आहेत. त्या काळासाठी त्याच गाळातल्या सेंद्रिय द्रव्याची कार्बन-14 तपासणी करून घ्यायची, तीही पन्नास हजार वर्षांच्या आतच चालते. गाळात शंख-शिंपले असतील तर वयासाठी त्यांच्यावर फार विसंबू नकोस. चुनखडीतला जुना कार्बन त्यांच्यात उतरतो आणि वय फुगतं. पराग सांगतो ते पाऊस किती होता, झाडी कशी होती, माणसाने जंगल कधी तोडलं.

प्रवरेच्या काठी संगमनेरच्या पुढे घळी पडल्यात, उंच भुऱ्या गाळाच्या भिंती. बघून जीव हरखतो. पण जवळ जाऊन आम्लाचा थेंब टाक. फसफसलं की समज, चुनखडी आहे. भुऱ्या गाळात चुनखडीचे गोटे बांधलेत म्हणजे तो गाळ उन्हात सुकलाय, अल्कधर्मी झालाय. परागाला तो मारक. नेवाशाजवळच्या जुन्या गोट्यांच्या थरात दगडी हत्यारं मिळतात, पुरातत्त्वाच्या माणसाला ते सोनं. आपल्याला तिथे काही नाही. पराग बारीक मातीच्या मापाचा असतो, पाणी जिथे संथ होतं तिथे तो बुडतो. वाहत्या पाण्याच्या गोट्या-वाळूत तो थांबत नाही. घळींच्या तळाशी, जुन्या प्रवाहाच्या वळणात कुठे काळपट चिकण मातीचा थर सापडला तर मात्र तिथे बैस आणि दिवस घालव.

नमुना घेताना हात धुऊन बैस. थराचा उघडा चेहरा हातभर आत खरवड, आणि खरवडताना खुरपं आडवं चालव. उभं चालवलंस तर वरची माती खालच्या थरावर सारवली जाते. नमुने खालून वर घ्यायचे, म्हणजे वरून पडणारी धूळ घेऊन झालेल्या थरावर पडते. प्रत्येक नमुन्याला खुरपं पुसायचं. प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यावर क्रमांक, आणि ती ज्या दुसऱ्या पिशवीत घालायची तिच्यात क्रमांकाची चिठ्ठी. कापडी पिशवी नको. मुळांचे धागे दिसले, किड्यांची बिळं दिसली, तर तिथून बाजूला सरक. भाद्रपद-आश्विनात गवत फुलोऱ्यात असतं, तेव्हा हवा परागाने भरलेली असते. त्या दिवसांत काम करायचंच असेल तर ग्लिसरीन लावलेली एक काच जागेवर उघडी ठेव आणि तीही तपास. हवेतून काय पडतंय ते तुला कळलं पाहिजे.

भेसळ ओळखायला आपल्याकडे चांगले पहारेकरी आहेत. गाजरगवत, ज्याला काँग्रेस गवत म्हणतात, ते 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं. त्याचा पराग तुझ्या ‘चार हजार वर्षं जुन्या’ नमुन्यात आला तर नमुना बिघडला. तो लहान, काटेरी असतो, आणि सूर्यफुलाच्या कुळातल्या इतरांशी त्याची गल्लत होते, म्हणून त्याची खरी स्लाइड शेजारी ठेवूनच बोल. मक्याचा दाणा तसाच. 80 ते 100 मायक्रॉनचा मोठा गोल, गवतांत उठून दिसतो. मका अमेरिकेतून आला, तेव्हा जुन्या काळ्या थरात तो दिसला की आधी स्वतःचा नमुना तपास. निलगिरीचं तर विशेष सांभाळ. ती आणि जांभूळ एकाच कुळातली, दोघींचा पराग तिकोनी. जांभळाचा बराच लहान असतो. नजरचुकीने निलगिरी जांभूळ म्हणून मोजलीस तर उघड्या माळावर तू कागदावर सदाहरित जंगल उभं करशील.

म्हणून सांगतो, पहिली दोन वर्षं जुन्या गाळाला हात लावला नाहीस तरी चालेल, पण आपल्या जिल्ह्यातल्या जिवंत झाडांच्या स्लाइडी कर. उमलायच्या आदल्या अवस्थेतली कळी घे, उमललेल्या फुलावर दुसऱ्यांचा पराग बसलेला असतो. झाडाची फांदी दाबून ठेव, नाव पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या वनस्पतिसंग्रहात ताडून घे. आणि नुसत्या झाडांवर थांबू नकोस. मातीचा वरचा पापुद्रा, खडकावरचं शेवाळ, त्यात सध्याचा पराग कसा पडतो ते मोज. निसर्गाने आपल्याला यासाठी फार मोठी सोय करून दिलीय. अकोल्यात घाटघर-रतनवाडीला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि नगर शहरात साडेपाचशे-सहाशे. कर्जतजवळ रेहेकुरीला काळविटांचा गवताळ माळ. एकाच जिल्ह्यात ओल्या रानापासून कोरड्या माळापर्यंत सगळ्या पायऱ्या आहेत. आजच्या रतनवाडीच्या शेवाळात काय आहे आणि रेहेकुरीच्या मातीत काय आहे हे ज्याला ठाऊक, तोच जुन्या थराकडे बघून म्हणू शकेल की तेव्हा इथे कसा पाऊस होता. माझ्या मते हे काम अजून नीट व्हायचंय, आणि ते नगरच्याच माणसाने करावं.

बाभळीचा पराग एकदा डोळे भरून बघ. सोळा कण एकत्र चिकटलेले, छोट्या चेंडूसारखा एक पुंजका. जड असतो, वाऱ्यावर लांब जात नाही. तळ्याच्या गाळात त्याचे दोन-चार पुंजके मिळाले तरी समज, बाभूळ काठावर उभी होती. उलट गवत. गोल कण, एकच भोक, भोकाभोवती कडं. मैलोन्‌मैल उडतो. गवताचा आकडा मोठा आला म्हणून लगेच गवताळ माळ म्हणू नये. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि तीही कीटकांवर अवलंबून. तिचा पराग कमी दिसला म्हणजे कारवी नव्हती असं होत नाही. कुठलं झाड किती पराग उधळतं हे माहीत नसताना टक्केवारीला अर्थ नाही.

प्रयोगशाळेतलं थोडक्यात सांगतो, एक सोडून. हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढ, कॉस्टिक पोटॅशने कुजलेलं द्रव्य काढ, चाळणीने जाड वेगळं कर. मग अ‍ॅसिटोलिसिस, म्हणजे उरलेला सेल्युलोज आम्लांच्या मिश्रणाने काढणं; त्याच्या आधी नमुना ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्लाने दोनदा धुऊन पाणी पूर्ण घालव, नाहीतर मिश्रण उसळतं. सुरुवातीलाच लायकोपोडियमच्या बीजाणूंची ठरावीक संख्येची गोळी टाक, म्हणजे शेवटी एका ग्रॅममध्ये किती पराग होते ते काढता येतं. किमान दोनशे-तीनशे कण मोज. काचेच्या मध्यावरच मोजत बसू नकोस, लहान कण कडेला सरकतात, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या अंतराने रांगा घे.

सोडून म्हटलं ते हायड्रोफ्लोरिक आम्ल. वाळू-सिलिका विरघळवायला ते वापरतात. ते काचही खातं, म्हणून भांडी प्लॅस्टिकची. कातडीवर पडलं तर सुरुवातीला कधीकधी काहीच जाणवत नाही, आणि तोवर ते हाडापर्यंत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी नसेल, धूर ओढणारी कपाट-चिमणी चालू नसेल, सोबत दुसरं माणूस नसेल, तर त्या बाटलीचं झाकण उघडायचं नाही. मार्गदर्शकांनी सांगितलं तरी नाही. तळ्याच्या गाळासाठी जड द्रावणात पराग तरंगवून वेगळा करता येतो. थोडा वेळ जास्त लागतो, तो लागू दे.

आणि आम्लात घालण्याआधी त्याच नमुन्यातला चमचाभर गाळ बाजूला काढून ठेव. डायाटम या एकपेशीय शैवलांचं कवच सिलिकाचं असतं, हायड्रोफ्लोरिकने ते नाहीसं होतं. त्यांच्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड पुरतं. तरंगणारे डायाटम जास्त, तर तळ्यात पाणी खोल होतं. दगड-पाल्याला चिकटून राहणारे जास्त, तर पाणी उथळ. पराग डोंगरावरची गोष्ट सांगतो, डायाटम तळ्यातली. साताऱ्याच्या कासच्या पठारावरच्या तळ्याच्या गाळात आघारकरच्या लोकांनी दोन्ही मिळून आठ हजारांहून जास्त वर्षांचा पावसाचा चढउतार वाचलाय. दोघांचं म्हणणं जुळलं की मग लिही.

लोणारच्या सरोवराचा गाळही असाच वाचला गेलाय. त्यात दोन लांब कोरडे काळ दिसतात, साधारण 4600 ते 3900 वर्षांपूर्वी आणि 2000 ते 600 वर्षांपूर्वी. हे वाचून मोह होतो की आपल्या प्रवरेकाठच्या दायमाबादची वस्ती दुष्काळाने उठली असं म्हणून टाकावं. तारखा शेजारी शेजारी मांडून बघ. दायमाबादला माणसं पहिल्यांदा वसली ती सुमारे 4200 वर्षांपूर्वी, म्हणजे लोणारच्या कोरड्या काळाच्या ऐन मध्यात. तिथली शेवटची, जोर्वे संस्कृतीची वस्ती संपली ती सुमारे 3000 वर्षांपूर्वी, तो काळ ओसरल्यावर कितीतरी शतकांनी. लोणार दायमाबादपासून लांब आहे, त्याचा पाऊस वेगळा, आणि माणसाकडे नदी होती. प्रवरेचं उत्तर प्रवरेच्याच गाळातून यायला हवं. दुसऱ्याच्या तळ्याचा दुष्काळ आपल्या गावाला चिकटवू नकोस, मग तो कितीही मोठ्या नियतकालिकात छापलेला असो.

नमुना रिकामा निघाला तर तेही वहीत लिही. कुठल्या थरात काहीच मिळालं नाही हे आपल्याकडे कोणी लिहीत नाही, आणि दर पिढीचं पोर त्याच तांबड्या मातीवर आम्ल वाया घालवतं.

शेवटचं, आणि हे तुझ्या गावालाही सांग. आपल्या जिल्ह्यात 1972 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामांवर पाझर तलाव झाले. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं. या तळ्यांच्या तळाचा गाळ कधी साचायला लागला ते साल आपल्याला कागदोपत्री माहीत आहे, त्यासाठी कार्बन-14 चा खर्चही नको. गाजरगवत कधी आलं, ऊस कधी वाढला, डोंगर कधी उघडे पडले, हे त्या गाळात वर्षावर वर्ष रचून ठेवलेलं आहे. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत हा गाळ शेतात नेला जातोय, आणि तो न्यावाच, शेताला त्याची गरज आहे. फक्त सरपंचांना आणि ग्रामसेवकांना एवढं सांग : यंत्र लावण्याआधी एका कोपऱ्यात गाळाची उभी भिंत दोन दिवस तशीच राहू द्या आणि जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या किंवा भूगोलाच्या शिक्षकांना एक फोन करा. वरपासून तळापर्यंत बोटभर जाडीचे नमुने घ्यायला एक दुपार पुरते.